वरची खोली आणि बायकोचे मामा

गंगाखेडात बेकायदेशीर धंदा करणारा माणूस म्हणून मी जेमतेम अर्धा तास जगलो, पण रक्तदाब कायमचा वाढला.

झालं असं. आमची वरची खोली रिकामी होती. गोदावरीवर लांबून माणसं येतात, त्यांना दोन-चार दिवस किरायानं द्यावी, ही कल्पना माझ्या बायकोची, मंगलची. मोबाइलवर जाहिरात तिनं टाकली, पडदे तिनं आणले. (पडद्याच्या दांड्या मी ठोकल्या. एक अजून तिरपी आहे.) नागपूरचे देवधर नवरा-बायको हे आमचे पहिले पाहुणे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे दुर्दैवानं मी घरीच होतो.

पाहुणे वर गेले, मंगल भाजी आणायला गेली आणि शेजारचे बाबाराव भिंतीवरून डोकावले.

"सर, परवाना काढला का? नगरपरिषदेचे लोक घरोघर फिरायलेत! बिनपरवान्याचं दिसलं की दंड!"

माझ्या अंगणात येरझाऱ्या सुरू! मंगलला फोन लावला, तर तो स्वयंपाकघरात वाजला! तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. फाईल घेतलेले एक गृहस्थ आत आले.

"मी नगरपरिषदेतून. इथं खोली किरायानं देता ना?"

"छे!" मी एवढ्या जोरात ओरडलो की तारेवरचा कावळा उडाला.

"मग हे कोण?" जिन्यावरून देवधर उतरत होते.

"मामा! बायकोचे सख्खे मामा!"

देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस भला, लगेच मामा झाला.

"मामा, गाव कोणतं?"

"नागपूर," देवधर म्हणाले.

"पूर्णा," मी म्हणालो. दोघं एकदमच!

"जन्म पूर्णेचा!" मी सावरलं.

इतक्यात वरून देवधरबाई ओरडल्या, "अहो दादा, गरम पाण्याचे पैसे वेगळे आहेत का?"

"मामी लय विनोदी हायत!" (घाबरलो की मी गावाकडचं बोलतो.)

साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे खोली किरायानं देतच न्हाई, असं लिहू?"

"लिहा! ठळक लिहा!" म्हणत मी सही ठोकली.

आणि मंगल पिशव्या घेऊन फाटकात उभी! "आलात साहेब? खोली बघितली का? आग विझवायचा सिलिंडरपण लावलाय."

"बाई, परवान्याचा अर्ज तुमीच केलता ना? सर तर म्हणायलेत, वर तुमचे मामा ऱ्हायलेत."

"माझे मामा?" मंगलनं देवधरांकडे पाहिलं. देवधरांनी नमस्कार केला.

"अगं, अर्ज केला हे मला सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

(म्हणालो असेन. मी सगळ्यालाच 'हं' म्हणतो.)

अर्ज बाद झाला. दोन दिवसांनी देवधर निघाले, तेव्हा मला 'जावईबापू' म्हणाले.

मग शाळा सुरू झाल्यावर मंगलनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच साहेब आले. "सर घरात हायत का?" त्यांनी दबकत विचारलं.

"नाहीत. मुद्दाम शाळेच्या वेळेतच बोलावलंय तुम्हाला."

परवाना बिनबोभाट मिळाला. त्या वेळी मी आठवीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवत होतो!