आबांची सहल

माझे वडील, आमचे आबा, आयुष्यात कधी सहलीला गेले नाहीत. सुटी पडली की साक्रीजवळचं शेत, फार तर सोनगीरला कुणाचं लग्न. "महाबळेश्वर काय पळून चाललंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आईचा जन्म हेच ऐकण्यात गेला.

आणि आता, विस्मरणाच्या आजारात, हा माणूस रोज दुपारी सहलीला जाऊन येतो!

कारण एक जुना विनोदी सिनेमा. चार पोट सुटलेले गृहस्थ घरी ऑफिसच्या कामाची थाप मारून थंड हवेच्या ठिकाणी जातात, हॉटेलात धुडगूस घालतात आणि बायका येऊन धडकल्या की पलंगाखाली दडतात. तो लावला की आबा शांत बसून चार घास खातात, म्हणून आम्ही रोज लावतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात. सिनेमा संपला की आबा पलंगाखाली वाकून मित्र शोधतात आणि आईला हळूच म्हणतात, "अक्का, मन्ही बायकोले सांगू नका. मी काहीच नही करं, बठ्ठं त्यासनी करं."

आधी आईला हसू यायचं. मग ती चिडू लागली. "मले कधी नाशिक दखाडं नही, आन आते हाई!" रागावायचं तरी कुणावर?

डॉक्टर म्हणाले, काकू, नावानं हाक मारा, कदाचित ओळख पटेल. आमच्याकडे नवऱ्याचं नाव बाई फक्त उखाण्यात घेते. आई तर 'अहो' म्हणतानाही मान वळवायची. मी जळगावहून आले की रोज तिच्या मागे लागायचे. तिच्या तोंडून नाव निघेना.

काल सिनेमा संपल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला, आबांसमोर बसली आणि लग्नातला उखाणा घेतला. नावाशी आवाज चिरकला. आबा टक लावून बघत होते. मला वाटलं, पटली ओळख.

"वा, अक्का! तुमना घरवाला नशीबवान शे," आबा हसले. "मन्ही बायकोबी आसंच नाव लेस. वाट दखी राह्यनी व्हई ती. मी निंघस."

ते चपला शोधू लागले. आईनं त्या त्यांच्या पायाशी सरकवल्या आणि विचारलं, "तिनासाठे काय लयनात?"

बायकोसाठी काही आणलंय का, म्हणून आबांनी सगळे खिसे चाचपले आणि ते रडू लागले. त्यांना गप्प कसं करावं, आम्हा दोघींनाही कळेना.