आबांचं नाव आणि मोहिनीचा अर्ज

सावद्याहून रावेरकडे जाताना लागणाऱ्या एका लहान गावात उखर्डू भंगाळे यांची केळीची बाग आहे. मोहिनी ही त्यांची थोरली मुलगी; ती त्यांना आबा म्हणते. शेतकीत एम.एस्सी. करून ती जळगावला एका टिश्यूकल्चरच्या लॅबमध्ये लागली. बाटल्यांमधली केळीची रोपं निरोगी आहेत की नाहीत, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं. घरचं बरं चाललेलं होतं. शेतात ठिबक होतं, दारात ट्रॅक्टर होता, आणि मुलीने शिकावं की नाही यावर त्या घरात कधी चर्चाच झाली नव्हती.

मग एका पावसाळ्यात गावातल्या केळीवर हरण्या रोग आला. लॅबमधले लोक त्याला सीएमव्ही म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, सडतो, आणि झाड उपटून गाडण्याशिवाय दुसरा इलाज नसतो. रविवारी मोहिनी घरी आली, बागेत फिरली, तपासायला काही पानं तोडून घेतली आणि म्हणाली, खालचा सगळा तुकडा उपटा. लॅबचा अहवाल यायला वेळ लागणार होता, आणि तोवर रोग वरच्या तुकड्यातही पसरला असता.

आबांनी एवढंच विचारलं, "नक्की ना?"

"हो," ती म्हणाली.

त्यांनी कोवळी बाग उपटली. पुढे अहवाल आला. तिने नेलेल्या काही पानांत विषाणू होता, काहींत नव्हता. घरात कुणी तिला बोल लावला नाही. आबांनी नवी रोपं आणून लावली आणि विषय संपवला. मोहिनीच्या मनातून मात्र तो गेला नाही.

नेदरलँड्समध्ये झाडांच्या विषाणूंचा अभ्यास करण्यासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, हे तिला लॅबमधल्या वरिष्ठांनी सांगितलं. इंग्रजीच्या परीक्षेसाठी तिने जळगावातला ललित सरांचा क्लास लावला. खानदेशातली बरीच मुलं या माणसाने बाहेर पाठवली होती आणि प्रत्येकासाठी तो मनापासून धडपडायचा. अर्जासोबत स्वतःविषयी एक निवेदन लिहायचं होतं. मोहिनीने लिहून नेलं. सरांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"बरोबर आहे सगळं, पण कोरडं आहे. तिथे हजारो अर्ज येतात. तुझा कशाला लक्षात राहील?" मग वरच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "वडिलांचं नाव उखर्डू? म्हणजे उकिरडा?"

मोहिनीने सांगितलं. आबांच्या आधीची दोन भावंडं जन्मताच गेली होती. म्हणून यांना जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवलं, आत्याने उचलून घरात आणलं, आणि नावही तेच ठेवलं. टाकलेलं मूल कुणी नेत नाही, अशी तेव्हाची समजूत.

दोन दिवसांनी सरांनी नवं निवेदन तिच्या हातात दिलं. पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या वडिलांना जन्मताच उकिरड्यावर फेकण्यात आलं.' पुढे दारिद्र्य, दुष्काळ, शिकण्यासाठी झगडणारी मुलगी. इंग्रजी सुंदर होतं. वाचताना मोहिनीचे डोळे भरून आले, आणि लगेच तिला कसंतरीच झालं, कारण तिला रडवणारी ती मुलगी तिच्या ओळखीची नव्हती.

रविवारी तिने तो कागद घरी नेला आणि ओट्यावर बसून आबांना आपल्या बोलीत वाचून दाखवला. आई, कुंदाबाई, शेजारी मेथी निवडत होती. आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मले फेकलं नव्हतं, बाई," ते म्हणाले. "ठेवलं व्हतं. आत्या सूप घेऊन बाजूलेच उभी व्हती. तिनं लगेच उचललं. माय सांगायची, त्या दिवशी आत्याले नवं लुगडं घेतलं व्हतं." मग ते म्हणाले, "पन तुह्या कामी येत असीन त राहू दे. तिथं मले कोन वयखतं?"

त्यात राग नव्हता. खांद्यावर पंचा टाकून ते मोटार चालू करायला शेताकडे निघून गेले.

कुंदाबाईने मेथीची जुडी खाली ठेवली. "हे रडगानं कोनाच्या घरचं हाये? आपलं त वाटत नाही."

मोहिनीने कागदाची घडी घातली. आबा रागावले असते तर तिने वाद घातला असता. त्यांनी आपली गोष्ट अशी देऊन टाकल्यामुळे तिला ती घेता येईना.

दुपारभर बसून तिने नवं लिहिलं. उपटलेल्या बागेचं लिहिलं, वडिलांनी विचारलेला प्रश्न लिहिला, आपलं उत्तर लिहिलं. शेवटी लिहिलं की त्या 'हो'मध्ये माहिती किती होती आणि अंदाज किती, हे मला अजून कळलेलं नाही. तेवढ्यासाठी मला शिकायचं आहे.

सरांनी ते दोनदा वाचलं. "अगं, आपली चूक आपणच कशाला सांगायची?"

"चूक होती की नाही हेच ठरलेलं नाही, सर."

त्यांनी व्याकरण सुधारून दिलं आणि अर्ज गेला.

मुलाखत लॅबच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावरच्या, निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं, तपासायला पानं कशी निवडली होती? मोहिनी अडखळली. जी जास्त आजारी दिसली ती तोडली होती; त्यावरून बाकीच्या बागेचं काहीच कळणार नव्हतं. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. निवड झाली नाही.

"मी लिहिलेलं ते माझ्याकडे आहे," ललित सर हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षी बघ विचार करून."

तिने खरंच विचार केला. नकारानंतरच्या त्या आठवड्यांत तो कागद तिला फार जवळचा वाटू लागला होता. पण त्या बाईंचा प्रश्नही डोक्यातून जात नव्हता. पुढच्या पावसाळ्यात रविवारी घरी आली की ती बागेत ओळीओळीने फिरू लागली, दिसायला निरोगी असलेल्या झाडांचीही पानं घेऊ लागली. आबा मागून चालत खोडांना चिठ्ठ्या बांधायचे. एकदा ते म्हणाले, "हे आधी केलं असतं त तवा बाग वाचली असती का?"

"थोडी वाचली असती. सगळी नाही."

"थोडी त थोडी," आबा म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले. त्या दिवसानंतर मोहिनीला जरा मोकळं वाटायला लागलं.

दुसऱ्या वर्षी तिने स्वतःचं तेच निवेदन पाठवलं, फक्त या पाहणीचा एक परिच्छेद जोडून. या वेळी तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता आली. निवड झाल्याचा मेल आला तेव्हा ती लॅबमध्ये होती, घरी फोन केला, तर कुंदाबाईने आधी विचारलं, "जेवली का?" आणि मग आबांना हाक मारली.

आता ती नेदरलँड्समध्ये शिकते आहे. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की सुरुवातीचे कित्येक महिने केळी नाहीच. तंबाखूच्या रोपांवर विषाणू लवकर उठून दिसतो, म्हणून आधी त्यांच्यावरच हात बसवायचा. तिने हे घरी सांगितलं.

"येवढ्या लांब तंबाखूपायी गेली का तू?" कुंदाबाई म्हणाली.

मागून आबांचा आवाज आला, "करू दे तिले. शिकते ती."