एसी बंद करा

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक येणार म्हणून आमच्या सरांनी पणजीच्या कॉलेजातली एकुलती एक एसी खोली मागून घेतली, आणि तिथेच माझं घोडं अडलं.

गोवा राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. बाबा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचे. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. नापास झाले तर पुढचं वर्ष नाही, घरी बसायचं, हे डिचोलीच्या घरात ठरलेलं होतं.

प्रयोग असा: काचेच्या लोकरीचे बारीक तंतू हवेत उडवून नळीतून सोडायचे. नळीच्या मधोमध एक तार, तिच्यात मोठ्या दाबाची वीज. लांब तंतू ओढले जाऊन तारेला चिकटतात, आखूड पुढे वाहत शेवटच्या काचपट्टीवर पडतात. असले तंतू श्वासातून छातीत गेले की किती अपाय होईल ते लांबीवर ठरतं, म्हणून हा खटाटोप. खालच्या प्रयोगशाळेत तो मला रोज जमत होता.

एसीत जमला नाही. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "यात लांब-आखूड सगळंच आहे हो, बाई. निवडलंत काय तुम्ही?"

"कितें जालें गो?" सर माझ्या कानाशी पुटपुटले.

मी वीज तपासली. तार बघायला वाकले तसा नायलॉनचा पदर कडकडला. पणजीत पदर कधी कडकडतो? घामाने चिकटतो! म्हणजे एसीने हवा कोरडी केलीय. तंतूवर ओलाव्याचा पातळ थर असला तरच त्यावरून वीज सरकते आणि तार त्याला ओढून घेते. कोरडी काच विजेला जुमानत नाही.

"सर, एसी बंद करा. जनेलं उघडूया."

"अहो, एप्रिल आहे!" परीक्षक म्हणाले.

"घाम आल्याशिवाय हे जमायचं नाही, सर."

आमच्या सरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मांडवीवरची दमट हवा आत आली. परीक्षकांनी आधी कोट काढला, मग टाय. तंतू पुन्हा सोडले. काचपट्टीवर नुसते आखूड.

"योगायोग असेल," मान पुसत परीक्षक म्हणाले.

मला राग आला. "मग लावा परत एसी. आता बिघडवून दाखवते."

"लावा, लावा!" त्यांना तेच हवं होतं.

खोली कोरडी होईपर्यंत चहा झाला. तिसऱ्यांदा तंतू सोडले. लांब-आखूड सगळे पुन्हा एकत्र. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग डोळा न काढताच सरांना म्हणाले, "ही पास. आता खिडक्या उघडू नका."