अकोल्याची झाकणी

गावाचं नाव घेत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्यातल्या माणसांची नातवंडं अजून तिथंच नांदतात, उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा. महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती आणि गावात टेलिफोनचं एक्स्चेंज आलं होतं. एक्स्चेंज म्हणजे काय, तर पोस्टामागची एक खोली, खोलीत उभा लाकडी बोर्ड आणि बोर्डापुढे कोकिळा.

कोकिळा मूळची जवळच्याच बीबी गावची. बाप लवकर गेला, पाठीला भाऊ नाही, लग्न जमलं नाही. जमलं नाही म्हणून तिनं कधी रडगाणं गायलं नाही. माय मनकर्णाबाई सोबत होती, तीही डोळ्यांनी अधू झालेली. अधू कसली, पार आंधळी. पण भाड्याच्या त्या दोन खोल्या म्हातारीनं हातांनी पाठ केल्या होत्या. चुलीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंत चाचपत बिनघोर फिरायची. त्या घराबाहेर मात्र तिला एक पाऊल टाकवत नसे. म्हणून कोकिळेचं देवाकडे एकच मागणं होतं: नोकरी याच गावात राहू दे.

आता तिचं काम सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. गावात ज्याच्याकडे फोन, त्याच्या नावाची एक पितळी झाकणी बोर्डावर असे. त्यानं फोन केला की झाकणी खटकन पडायची. मग दोरीची पिन खुपसून विचारायचं, हव्या त्या ठिकाणी जोडून द्यायचं. गावातल्या गावात हे सोपं. बाहेरगावी बोलायचं म्हटलं की सगळं अकोल्यामार्गे, आणि अकोल्याची बाई सांगणार, "लाइन रिकामी नाही, झाली की कळवते." आधीचा ऑपरेटर असला भला माणूस, की तेवढ्यावर कान लावून बसून राहायचा. इकडे गावातल्या झाकण्या धडाधड पडायच्या अन् लोक त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे.

कोकिळा कुणासाठी अडून राहत नसे. अकोल्याला विचारलं, नाही म्हणाले, की पिन काढून पुढच्याकडे. बोलणाऱ्यालाही सांगायची, "फोन ठेवा भाऊ, चहा घ्या, लागला की मी बोलावते." अकोल्याला लाइन मोकळी झाली की अकोल्याची झाकणी पडणारच, मग तोवर हात बांधून का बसावं? भाकर तव्यावर टाकली म्हणून बाई तव्यापुढे टक लावून बसते का? तोवर वरणाला फोडणी देते. एकटी बाई सगळ्या गावाला पुरून उरायची ती या रीतीनं.

मग गर्दी वाढली आणि बोर्डावर जोडीला मोतीराम आला. माणूस गोड बोलणारा, हाताला सावकाश. कोकिळेनं त्याला सगळं शिकवलं. पहिल्याच दिवाळीत मनकर्णाबाई म्हणाली, "माह्या पोरीले भाऊ नाही, तूच हो बापा." तेव्हापासून दर भाऊबीजेला तो पाटावर बसायचा, कोकिळा ओवाळायची, म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. सख्खा भाऊ काय वेगळा असतो?

आणि मग वरून निरोप आला, की दोघांपैकी एकाला लांब चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जावं लागेल. कोणाला, ते इन्स्पेक्टर साहेब काम पाहून ठरवणार. कोकिळेला चिंता वाटली नाही. आपलं काम गाव जाणतं, आणि मायची गोष्ट मोतीराम जाणतो.

साहेब आले त्या दिवशी शेषराव देशमुखांना अकोल्याचा फोन हवा होता. त्यांची बायको तिथल्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या टेबलावर. अकोल्याची लाइन रिकामी नव्हती. बाजाराचा दिवस, गावातल्या झाकण्या थांबायला तयार नाहीत, आणि अकोल्याची झाकणी बोर्डाच्या मोतीरामकडच्या अंगाला. कोकिळा म्हणाली, "मोतीरामभाऊ, अकोल्याकडं पाह्यजो. पडली की मले सांगजो."

"हाव ताई," तो म्हणाला.

ती गावाकडे वळली, कानांत नुसता बाजाराचा कालवा. मधूनमधून विचारत होती, "पडली का रे?" तो म्हणत होता, "नाही ना अजून." शेवटी शेषराव स्वतःच तरातरा आले आणि साहेबांच्या देखत त्यांनी एक्स्चेंज डोक्यावर घेतलं. बायको जगली की मेली हे मला कळू देत नाही ही बाई, इकडे दुकानदारांच्या गप्पा जोडत बसलीय! कोकिळेनं स्वतः अकोल्याला पिन लावली. पलीकडे सुभद्राबाई होती, रोजची आवाजाची ओळख.

"अगं, मी कितीदा लाइन दिली तुला," सुभद्राबाई म्हणाली. "तुमच्याकडचा माणूस दर वेळी म्हणाला, बाई जेवायला गेल्या. मग दिली दुसऱ्याला."

कोकिळेनं मान वळवून पाहिलं. मोतीराम दोरी गुंडाळत होता. आधी तिला रागही आला नाही. शेषरावांचा फोन तिनं जोडून दिला, बायको सुखरूप होती. मग तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉल तुमचा होता ना? मग दुसऱ्यावर का सोडलात?"

भाऊ होता म्हणून सोडला, असं सरकारी माणसाला सांगता येतं का? चांदा कोकिळेच्या वाट्याला आला.

"काऊन केलं तू असं?" तिनं मोतीरामला विचारलं.

त्यानं नाकारलं नाही, हे त्याचं मोठेपण म्हणा. "माह्ये लेकरं लहान हायेत, ताई. त्यायले तिकडं कोठी नेऊ? तुह्याकडं तं एकटी मायच हाये."

"माय तुले लेक म्हणते रे."

"मंग मी पाह्यतो ना मायले. तू बिनघोर जाय."

केसानं गळा कापतात म्हणतात ते हेच. आणि खरी गंमत पुढेच आहे. म्हातारी ते घर सोडायला तयार होईना, आणि गावात तिच्याकडे बघणारं दुसरं कोणी नव्हतं. कोकिळेनं तिला झालेलं सांगायला तोंड उघडलं, तर म्हातारीच म्हणाली, "काहाले रडतं बाई? मोतीराम हाये ना." हिच्याजवळ तेवढाच एक आधार, तोही आपण काढून घ्यायचा? जाताना घराची एक किल्ली कोकिळेनं स्वतःच्या हातानं मोतीरामला दिली. अडला हरी, दुसरं काय.

चांद्याहून तिनं पहिल्यांदा गावाला फोन लावला तेव्हा पलीकडे अर्थात मोतीरामच होता.

"माय कशी हाये?"

"बरी हाये, ताई. सकाळीच डबा देऊन आलो."

"जेवली?"

"जेवली ना पोटभर."

आवाज मायेचा, जराही न अडखळणारा; "नाही ना अजून" म्हणताना होता तोच. कोकिळेनं तारेला कान लावून नीट ऐकलं. पण त्यातून कळणार काय होतं?

"मायची शपथ घे," ती म्हणाली.

"मायची शपथ," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की तिला तिथंच रडू कोसळलं.