वरून ओतलेला रस

दारात उभी राहून ती मोठ्यानं विचारायची, "जागा हाय का?" एसटीत चढल्यासारखी. आणि आमचं देऊळ, म्हणजे चर्च, अर्धं रिकामं. तुम्ही तिथं असता तर हसला असता. आम्हीही हसायचो. पुढची बाकं मोकळी, तरी कोणीतरी सांगायचंच, "मागं हाय, मागं." मग ती आणि तिच्या टोळीतल्या बाया मागच्या भिंतीपाशी खाली बसायच्या.

ती कोरकू आदिवासी. सातपुड्यातली. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अंगाला. बीटी बियाणं आलं तेव्हापासून कापूस एकदम फुटायला लागला, वेचणीला गावची माणसं पुरेनात, म्हणून दर दिवाळीनंतर ती टोळी घेऊन यायची. बाप्तिस्मा झालेला होता तिचा. गाणं आमचंच म्हणायची, शब्द मात्र तिचे. आमच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. ती म्हणायची, "देवाले समजते ना? मंग झालं."

आमच्यात आधी प्रभुभोजनाला एकच प्याला. सगळे त्याच प्याल्यातून द्राक्षाच्या रसाचा घोट घ्यायचे. या बाया पहिल्यांदा आल्या त्या साली मंडळीच्या पंचांनी सांगितलं, आता ज्याचा त्याचा प्याला, तब्येतीसाठी बरं असतं. बारके काचेचे प्याले आणले, आमच्या घरांपुरते. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे तब्येतीसाठी नाही एवढं मला समजत होतं.

तिला समजलं ते वेगळंच. पुढच्या प्रभुभोजनाला ती खोपटीतून आपला स्टीलचा गिलास घेऊन आली. राखेनं घासून लख्ख केलेला. सरळ पुढं येऊन उभी राहिली.

"दादा, माहा गिलास आनला मी."

रस वाढायचं काम माझं, किटली माझ्या हातात. पाळकसाहेब पुस्तकात बघू लागले. पंच माझ्या कानाशी आले, "वरून ओत बे. गिलासाले टेकवू नको."

माझ्या आज्याला विहिरीवर गावानं असंच वरून पाणी वाढलं, ओंजळीत. म्हणून तर तो ख्रिस्ती झाला. ही गोष्ट आम्ही दर नाताळाला सांगतो. आणि मी ओतलं. हातभर वरून. थोडं तिच्या मनगटावर सांडलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

उठली माझी बायको. पहिल्या बाकावरून पुढं आली, त्या बाईच्या हातातला गिलास घेतला, घोट घेतला, परत दिला. मग मला म्हणाली, "आता दे दुसऱ्याईले."

त्या दिवसापासून पंचांच्या घरच्यांनी आमच्याकडं चहा घेतला नाही. मी बायकोशी भांडलो, "लोकाईत राहाचं हाय आपल्याले."

"राहा," ती म्हणाली.

त्याच हंगामात बायको तापानं गेली. मंडळीतले आले, गीत म्हणाले, वेळेत निघाले. ती कोरकू बाई शेतातून तशीच आली, कमरेला वेचणीची ओटी बांधलेली. मी म्हणालो, "आत या, बाई." ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि तिच्या भाषेत मोठ्यानं रडली. मला एक शब्द कळला नाही. तोवर मला रडू फुटत नव्हतं, तिच्या जोरावर रडलो. माफी मागायची तीच वेळ होती. माझ्या तोंडून निघालं, "चहा घेता का?"

"नाही, दादा. कापूस भिजन," असं म्हणून ती उठली.

आभाळ कोरडं ठाक होतं.

पुढच्या साली बोंडअळी पडली. लोकांनी उभी पऱ्हाटी उपटून टाकली. टोळी आली नाही, त्यानंतरही नाही. डोंगरात त्यांनी आपलं देऊळ बांधलं म्हणतात, टिनाचं. पंच म्हणाले, "बरं झालं. त्याईचं त्याईले."

प्रभुभोजनाला आता मी किटली धरत नाही. परवा पंचांनी विचारलं, "काऊन बे, हात थरथरतेत काय?"

"नाही," मी म्हणालो. "हात चांगले हायेत."