दहा टक्क्यांच्या आत

परळला आमच्या कॉलेजच्या समोरच्या गल्लीत माया गमरेचं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि मागे बाइंडिंगचं टेबल, एवढंच. मी त्या कॉलेजात एकोणीस वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे तिच्याकडे रोजचं जाणं-येणं.

मार्च आला की शेवटच्या वर्षाची मुलं तिच्या काउंटरला चिकटायची. "ताई, मागच्या वर्षीचा एखादा प्रोजेक्ट आहे का?" माया फाइल उघडून द्यायची. मुलं नाव बदलायची, रोल नंबर बदलायची आणि काळ्या पुठ्ठ्यात बांधून घेऊन जायची. मी एकदा तिला टोकलं, तर म्हणाली, "मॅडम, मी नाही दिला तर दुसरा कोणी देईल. आणि सर तरी कुठे वाचतात? पहिलं पान बघतात नि सही करतात." यात खोटं काहीच नव्हतं. मी माझ्या झेरॉक्स उचलून निघाले.

पण स्वतःच्या बाबतीत माया वेगळी होती. लग्न लवकर झालं म्हणून राहिलेलं शिक्षण तिने बाहेरून परीक्षा देत पुरं केलं, आणि अडतिसाव्या वर्षी दूरशिक्षणातून एम.ए.ला बसली. लघुप्रबंधाला विषय घेतला गिरणीतल्या बायकांचा. तिची आई कमलाबाई लोअर परळच्या गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. माया दर रविवारी वरळीला बीडीडी चाळीत आईकडे जायची, तिला बोलतं करायची आणि शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. आधी म्हातारी वैतागायची, "ह्यात लिवन्यासारखा काय हाय गो?" मग सांगत सुटायची. त्यातलं एक वाक्य मायाने मला तेव्हाच वाचून दाखवलं होतं: "संप झाला तवा मला कळला, आमच्या खोलीत दुपारचा ऊन येतो." लघुप्रबंध झाला, पदवी मिळाली, आणि दोन वर्षांनी कमलाबाई गेली.

पुढे नऊ-दहा वर्षांनी पूर्वी नावाची एक तरुणी आली. आमच्याच कॉलेजात कंत्राटावर शिकवायची, पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होणार नव्हती. मुलगी हुशार, बोलायला मोकळी. तिचाही विषय गिरणगावच्या बायकांचाच होता. मायाने आनंदाने आपला लघुप्रबंध वाचायला दिला. पूर्वीने आठवड्याभरात परत आणून दिला, सोबत पेढेही आणले.

तीन वर्षांमागे पूर्वीचा प्रबंध बांधायला मायाकडेच आला. पाच प्रती. पानं लावता लावता एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला. तिथे संप होता, खोली होती, दुपारचं ऊन होतं. खाली नाव होतं, 'सखुबाई, वय बहात्तर, लालबाग'. पुढची अकरा पानं तशीच होती, कमलाबाईच्या बोलण्यासकट आणि मायाने काढलेल्या निष्कर्षांसकट.

ती पानं घेऊन ती थेट ग्रंथालयात आली. ओरडली नाही. "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरवर तपासता ना कॉपी केलंय का ते? हे तपासलं होतंत?"

तपासलं होतं. साम्य तीन टक्के, असा दाखला मीच सही करून दिला होता. मायाचा लघुप्रबंध त्या कॉम्प्युटरमध्ये कुठेच नव्हता. दूरशिक्षणवाल्यांनी जुन्या प्रती कधीच रद्दीत काढल्या होत्या. तिच्याकडची फाइल घातली, तर ती जुन्या फॉन्टमधली, सॉफ्टवेअरला नुसती खुणांची गिचमिड दिसली.

आम्ही दोघी पूर्वीच्या गाइडकडे, चिंतामणी सरांकडे गेलो. त्यांनी दोन्हीकडची पानं शांतपणे वाचली. नाकारलं काहीच नाही.

"अकरा पानं. प्रबंध दोनशे चाळीस पानांचा. दहा टक्क्यांच्या आत आहे, मायाताई. नियमाने एवढं चालतं."

"सर, माझ्या आईचं नाव बदललंय."

"मुलाखत देणाऱ्यांची नावं बदलतातच." मग पानं परत देत म्हणाले, "तुम्ही तक्रार करा, तुमचा हक्क आहे. पण कमिटी विचारेल की ही बाई कोण. अर्धं कॉलेज तुमच्या फायलींवर पास झालंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी काय सांगू त्यांना?"

मायाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिले.

संध्याकाळी मी दुकानात असतानाच पूर्वी आली ती रडतच. "ताई, मुदत संपतेय माझी. रजिस्ट्रेशन रद्द होईल. सहा वर्षं गेलीत यात. मी पंधरा बायकांना भेटले हो, पण तसं कोणी बोललंच नाही."

"मग आईचं नाव तरी टाकायचंस. माझं राहू दे."

"नाव टाकलं असतं तर ते तुमचं काम झालं असतं, ताई. तो अख्खा चॅप्टर त्याच्यावर उभा आहे. माझं काय उरलं असतं?"

पाचही प्रती मायाने दुसऱ्या दिवशी बांधून दिल्या, वेळेवर, सोनेरी अक्षरांत. मला राहवलं नाही. "परत का नाही केलास? नेला असता तिने दुसरीकडे."

"दुसरीकडे कसाही शिवतात, मॅडम. पानं उलटी लागतात. आत आई आहे माझी."

पूर्वीच्या तोंडी परीक्षेच्या वेळी मीही हजर होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच पानं उचलली. असं बोलतं करायला माणसाचा विश्वास कमवावा लागतो, म्हणाले. पूर्वी मान खाली घालून उभी होती. ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत मायाचं नाव होतं, 'सुबक टंकलेखन व बांधणीसाठी'.

पूर्वी आता दुसऱ्या कॉलेजात कायम झाली आहे. मायाला दिवाळीला मेसेज पाठवते. माया उत्तर देते.

जुन्या प्रोजेक्टांचा फोल्डर मायाने काढून टाकला. पहिल्या मार्चात मुलं फार चिडली. "ताई, द्या ना, काय होतं एवढ्याने?" ती नाही म्हणाली, की मुलं दोन गल्ल्या सोडून तिसरीकडे जायची. यंदा तर कोणी मागितलंही नाही. आता मोबाइलवरच सगळं लिहून येतं, हिच्याकडे फक्त प्रिंट काढायची.

निवृत्तीनंतर मी कागदांच्या झेरॉक्स काढायला तिच्याकडे गेले, तेव्हा एक मुलगी ताजी प्रिंट घेऊन उभी होती. मायाने पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?"

मुलगी हसली. "असंच समजा ना, ताई."

मायाने पानं टेबलावर ठोकून सरळ केली. मग तिने विचारलं, "पुठ्ठा काळा लावू की निळा?"