फ्रीजच्या दाराला लावलेला पाय

माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची सगळी नोकरी रस्त्यावर गेली आणि माझी सगळी वर्षं भूमच्या घरात, शिलाई मशीनपुढं. पहाटे डबा भरून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आलेला रिकामा डबा घासायचा, असा आमचा संसार. ते नाशिकला जायचे, पणजीला जायचे, हैदराबादला जायचे. आल्यावर मी विचारायचे, "कसं आहे हो तिकडं?" ते म्हणायचे, "रस्ता हाय, स्टँड हाय. दुसरं काय असतंय?" मला वाटायचं, दमून आलेत. रिटायर झाल्यावर निवांत सांगतील.

रिटायर झाल्यावर त्यांनी शाळेची पोरं ने-आण करणारा एक जुना टेम्पो घेतला. नळदुर्गला हायवेच्या कडेला गाड्यांच्या बॉडीचं काम करणारा त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. त्याच्याकडून आतली बाकडी काढून घेतली आणि एक पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि ओट्याखाली कमरेइतका फ्रीज बसवून घेतला. फ्रीज बॅटरीवर चालायचा. तो खास माझ्यासाठी होता. मला साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि आमच्याकडच्या उन्हात त्या बाटल्या बाहेर ठेवून चालत नाही. त्यापायी मी कित्येक वर्षं कुणाकडं मुक्कामाला गेले नव्हते. टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा बाकीचं काही न बघता मी आधी आत चढले आणि फ्रीजमध्ये हात घालून बघितलं. गार होता. ते खाली उभे राहून म्हणाले, "आता कुठं बी चल. तुझं औषध संगं हाय." मला भरून आलं. इतका विचार माझा कुणी केला नव्हता.

पहिल्यांदा आम्ही सोनारीला देवदर्शनाला गेलो. मी पुढं, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते गाडी चालवताना मी शेजारी बसलेय असं कधी झालंच नव्हतं. त्यांच्या बसमध्ये बसले तरी बायकांच्या सीटवर, गर्दीत. आता पुढची सगळी काच माझी होती. मी जे दिसेल ते विचारत होते. हे कुठलं गाव, हा फाटा कुठं जातो, तुमची गाडी इथं थांबायची का, जेवायला कुठं बसायचात. मधेमधे माझंही सांगत होते, कुणाचा ब्लाउज बिघडला होता, कुणी शिवायला टाकून परत नेलाच नाही. ते "हं" म्हणायचे. सोनारीत माकडांनी माझ्या हातातला नारळ पळवला तेव्हा मात्र ते पोट धरून हसले. येताना मी झोपले नाही. झोपले तर सीट वाया जाईल असं वाटत होतं. घरी येऊन बघितलं तर फ्रीजमधलं दूध, ताक, औषध, सगळं जिथल्या तिथं होतं.

दुसऱ्यांदा तेरला निघालो. अर्ध्या वाटेत एका खड्ड्यातून गाडी गेली आणि मागं धाडकन आवाज झाला. फ्रीजचं दार उघडलं होतं. दुधाचं पातेलं उलटं झालेलं, दही पलंगापर्यंत गेलेलं, आणि इन्सुलिनची एक बाटली फुटून तिच्या काचा त्या दह्यात पडलेल्या. दुसरी बाटली घरंगळत पलंगाखाली गेली होती, ती मला गुडघ्यावर बसून काढावी लागली. ते दारात उभे राहून बघत होते. चेहरा उतरला होता त्यांचा. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

"ह्या रस्त्याला ह्या फ्रीजचं दार टिकायचं न्हाय," ते म्हणाले. "कुणीतरी मागं बसून धरायला पायजे."

कुणीतरी म्हणजे दोघांतलं कोण, हे उघडच होतं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि पाय दाराला लावला. तेव्हापासून ती माझी जागा झाली.

मागं बसलं की पुढचं काही दिसत नसे. मागच्या काचेतून निघून गेलेला रस्ता दिसायचा. एखादं देऊळ, एखादं तळं पुढं येतंय हे मला कळायचंच नाही, ते लांब जायला लागलं की दिसायचं. मी ओरडून विचारायचे, "हे कुठलं हो?" ते म्हणायचे, "ऐकू येत न्हाय." वळणावर पोटात ढवळायचं, पाय भरून यायचा, मग पाय बदलायचा. मी तक्रार केली नाही. औषध माझं होतं.

तरी मी माझ्या परीनं उपाय केले. मोटारसायकलच्या कॅरिअरला लावतात तसा हुकाचा रबरी पट्टा आणून दारावरून ताणला. ते म्हणाले, "त्यानं दाराचं रबर दबतंय, गार हवा बाहेर जाईल." मी काढला. मग जुन्या साडीची पट्टी फाडून गाठ मारली. तर ते म्हणाले, "गाडीत आग लागली तर गाठ सोडत बसशील का?" फ्रीजचा आगीशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण गाडीतलं त्यांना जास्त कळतं म्हणून ऐकलं. शेवटी चिंध्यांची घट्ट घडी शिवून दार आणि पलंगाच्या मधे ठोकून बसवली. ती चांगली बसली. त्या दिवशी मी उठून पुढं जाऊन बसणार होते. चहाला थांबलो, मी मोरीला जाऊन आले, तोवर घडी नाहीशी झाली होती. "पडली असंल कुठं तरी," ते म्हणाले. मी दुसरी शिवली. तीही हरवली. तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही. आपला माणूस आपली चिंध्यांची घडी का लपवेल?

आणि थांबल्यावर ते फार चांगलं वागायचे. मला उतरायला हात द्यायचे. गाडीतल्या शेगडीवर स्वतः चहा करायचे, माझ्या कपात साखर घालायची नाही हे न चुकता लक्षात ठेवायचे. माझ्या पायाला तेल चोळून द्यायचे. लोकांना सांगायचे, "आमची मालकीण फ्रीजची राखण करते." लोक हसायचे, मीही हसायचे. मला त्यात थोडा अभिमानसुद्धा वाटायचा.

पाऊस संपत आला होता आणि नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा बघायचा म्हणून आम्ही गेलो होतो. परत निघताना बॅटरी दाखवायला त्या बॉडीवाल्याकडं थांबलो. बॅटरी बघून झाली आणि हे समोरच्या ढाब्यावर पाणी भरायला गेले. मी त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, ह्या फ्रीजला बाहेरून एक कडी लावून द्या. दार उघडतंय."

तो आत चढला. "उघडतंय? पट्टी फिरवत न्हाय का काकू तुम्ही?"

"कसली पट्टी?"

तो ओट्यापुढं वाकला आणि ओट्याच्या फळीखालून बोट फिरवलं. वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी ती जागा होती. मग मला म्हणाला, "इथं बघा." मी खाली बसून बघितलं. लाकडात स्क्रूची दोन भोकं होती, भोवती पट्टीचा स्वच्छ ठसा. "इथं स्टीलची पट्टी होती. म्याच लावली होती. निघताना फिरवली की दार जाम, कितीबी खड्डे येऊ द्या. काकांना दाखवली होती की मी. ही तुटून पडलेली न्हाय, कुणीतरी पेचकसानं काढलीय."

मी तशीच खाली बसून राहिले. सोनारीला जाताना दार उघडलं नव्हतं, ते मला आठवलं. त्या दिवशी निघण्याआधी ते आत चढून सगळं तपासून आले होते, तेही आठवलं. मग घड्या आठवल्या. एकेक करून सगळं आपोआप जागेवर बसत गेलं आणि मला ते नको होतं. मला अजूनही त्यानं म्हणावं असं वाटत होतं की, काकू, चुकलं माझं, पट्टी मी लावलीच नव्हती.

ते पाण्याचा कॅन घेऊन आले. आम्ही दोघं ओट्यापुढं बसलेले बघून जागीच थांबले. बॉडीवाल्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि उतरून गेला.

"पट्टी तुम्ही काढली?" मी विचारलं.

त्यांनी कॅन खाली ठेवला. "व्हय."

"का?"

त्यांनी कॅनचं झाकण आवळलं. मग म्हणाले, "मला गाडी चालवताना शेजारी माणूस सहन व्हत न्हाय. सगळी नोकरी तशी गेली. मागं साठ माणसं असली तरी पुढं मी एकटा. तू शेजारी बसून बोलायला लागलीस की माझं डोस्कं फिरतंय. सोनारीला जाऊन आलो, दोन दिवस डोस्कं दुखत हुतं."

"मग तसं सांगायचं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि बाटली फुटली ती?"

ते खाली बघत होते. "दूध सांडंल इतकंच वाटलं हुतं. बाटल्या दारात ठेवल्यात हे ध्यानात न्हवतं."

हे ऐकेपर्यंत मी रडले नव्हते. त्यांना माझी बडबड नको होती, हे मी समजून घेतलं असतं. कुणाला शांतता लागते. पण ते पेचकस घेऊन ओट्यापुढं वाकले असतील, मी घरात दशम्या बांधत असताना, आणि पट्टी खिशात घालून बाहेर येऊन मला म्हणाले असतील, "चल, आवर." ते चित्र माझ्या डोळ्यापुढून जाईना. आणि त्यानंतर प्रत्येक वेळी, मी दाराला पाय लावून बसलेली असताना, ते पुढं निवांत गाडी चालवत होते.

शेजारच्या रसवंतीतून मी थोडा बर्फ मागून आणला, थर्मासात टाकला, बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात ठेवल्या. जळकोटला माझी धाकटी बहीण दिलीय. तिकडं जाणारी जीप समोरच भरत होती. ते दारात उभे होते. "मी सोडतो की जळकोटला," म्हणाले. मी म्हटलं, "नको." जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी होती, तरी मी मागं जाऊन बसले.

बहिणीनं सगळं ऐकलं आणि तिला हसू आलं. "अक्का, एवढ्या बारक्या गोष्टीवरनं घर सोडून आलीस? दारू न्हाईत पीत, हात न्हाईत उचलत. पायाला तेल लावतेत म्हणं." लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, पप्पांनी गंमत केली असंल." दोघींना मी समजावून सांगायला गेले, पण तोंडातून बाहेर पडलं की ते खरंच बारकं वाटायचं. एक पट्टी, दोन स्क्रू. त्यावर कोण रडतं? मी सांगायचं बंद केलं. दिवसा बहिणीच्या घरचं शिवण करायचे आणि मनात एकच यायचं, की आणखी काय काय असंल. इतक्या वर्षांत "ड्युटी लागली" म्हणून गेलेले सण, "सुट्टी न्हाय मिळाली" म्हणून हुकलेली माझ्या माहेरची लग्नं. ती सगळी खरी ड्युटी होती का, का घरातल्या बोलण्यातून सुटायला गाडी बरी वाटायची? हे आता कुणाला विचारायचं?

ते आठवडाभरानं आले. अंगणात बसले, बहिणीनं दिलेला चहा प्यायले. मग मला म्हणाले, "पट्टी लावलीय. बघ एकदा." टेम्पो बाहेरच उभा होता. मी बघायला गेले नाही. त्यांच्याबरोबर परतही गेले नाही. पुढं काही दिवसांनी, बहिणीच्या रानात ज्वारीची पेरणी सुरू झाली आणि तिच्या घरात बसून राहणं मलाच बरं वाटेना, तेव्हा एसटीनं भूमला आले. घर माझंही आहे.

थंडीत आम्ही परांड्याला जाऊन आलो. मी पुढं बसले. त्या दिवशी वाटभर ते बोलत होते. इथं एकदा टायर फुटलं, इथं एका बाईनं बसमध्येच बाळाला जन्म दिला, ह्या पुलावरून पाणी गेलं तेव्हा सगळी रात्र प्रवाशांना घेऊन थांबलो. कितीतरी वर्षं मी हेच विचारत होते. मी ऐकत होते आणि त्यांच्या हातांकडं बघत होते. स्टीअरिंगवर बोटं घट्ट आवळलेली होती. घरी आल्यावर त्यांनी डोक्याला बाम लावला.

आता कुठं जायचं निघालं की मी आधी विचारते, "एकट्यानं जायचंय का?" ते "न्हाय" म्हणतात, आणि ते खरं आहे का हे मला कळत नाही. गेल्या महिन्यात मात्र पहिल्यांदा म्हणाले, "व्हय. जरा एकट्यानं जाऊन येऊ का?" मी डबा भरून दिला. दिवस मावळायला टेम्पो परत आला. ते उतरले ते काहीतरी गुणगुणतच. हातपाय धुऊन ताटावर बसले आणि म्हणाले, "लई बरं वाटलं बघ."

मी भाकरी वाढली. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी संसारात क्वचितच बघितला होता.